गाडीचे शॉकअप आणि आईची पाठ

आमच्या वस्तीत आज रात्री अकरा चारचाकी गाड्या उभ्या राहतात. त्यातली एकही शोरूममधून आलेली नाही. कुणी पतपेढीचे कर्ज काढून, कुणी दोघा भावांत मिळून, कुणी निवृत्तीच्या फंडातून सात-आठ-दहा वर्षे चाललेली गाडी घेतली आहे. हौसेने फिरायला नव्हे. कुणाची गाडी शाळेची मुले नेते, कुणाची भाड्याने चालते. आमची गाडी आईला डायलिसिसला नेते.

अशा जुन्या गाडीत बसणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते, "गाडी लई आदळते." आणि त्यावर सल्ला देणारेही ठरलेले असतात. कुणी म्हणतो रबर टाका, कुणी म्हणतो गॅसचे शॉकअप टाका, कुणी म्हणतो मोठी चाके घाला. आम्ही या सल्ल्यांपायी काही पैसे घालवले, काही थोडक्यात वाचवले, म्हणून हा लेखप्रपंच. आम्ही मेकॅनिक नव्हे, बी.कॉम. होऊन कारकुनी करणारी माणसे. पण कारकुनाला एक खोड असते, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवण्याची. ती येथे कामास आली.

आमची वॅगन-आर २०१३ सालची आहे. घेतली तेव्हा ती ९४ हजार किलोमीटर चाललेली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार बदलापूर ते कल्याण आणि परत. गाडी धाकटे बंधू चालवतात, कारण त्यांना पाळी बदलून मिळते. जाताना आई ठीक असते. पण चार तास मशीनवर राहून उठलेल्या माणसाच्या अंगात त्राण नसते, रक्तदाब उतरलेला असतो. त्यात मूत्रपिंडाच्या जुन्या दुखण्यात हाडेही ठिसूळ होत जातात, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितले होते. अशा माणसाला पेव्हर ब्लॉक उखडलेल्या रस्त्यावरून आणि एकामागून एक गतिरोधकांवरून आणायचे. गाडी घेऊन तीन आठवडे झाले आणि एके दिवशी आई म्हणाली, "अरे, तुमची गाडी चांगली आहे रे, पण रिक्षाच बरी होती. ही पाठीत धपके घालते."

कर्जाचा पहिला हप्ता त्याच आठवड्यात पगारातून कापला गेला होता.

चार रबरांची गोष्ट

बंधूंनी चौकशी केली तेव्हा एका दुकानदाराने स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे जाड रबर दाखवले. "बफर टाका, गाडी वर उचलली जाईल आणि मऊ चालेल," असे तो छातीठोकपणे म्हणाला. आम्ही चार चाकांना चार घेतले. गाडी खरोखरच बोटभर उचलली गेली. आम्हाला वाटले, काम झाले.

आई गाडीत मागे डावीकडे बसते. खड्डा आला की ती दारावरचे हँडल धरते. आम्ही एका सोमवारी सोबत बसून मोजले होते : घरापासून दवाखान्यापर्यंत तिने २३ वेळा हँडल धरले होते. रबर टाकल्यावर पुन्हा मोजले, तर आकडा ३१ झाला. रस्ता तोच, चालवणारा तोच, वेग चाळिशीच्या आतला.

असे का झाले ते आम्हाला नंतर कळले. स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली पोलादी कांब. तिचे जेवढे वेढे मोकळे, तेवढी ती मऊ. एकाच स्प्रिंगचे मधोमध दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकडा मूळ स्प्रिंगच्या दुप्पट कडक होतो, हे शाळेतल्या विज्ञानात बसणारे गणित आहे. वेढ्यात रबर ठासले की तेवढे वेढे हालचालीतून बाद होतात. उरलेल्यांनी सगळे काम करायचे. म्हणजे आपण पैसे देऊन स्प्रिंग आखूड आणि कडक करून घेतो. स्प्रिंग बसलेली असेल, गाडी खाली टेकत असेल, तर हे रबर तात्पुरता टेकू देते, एवढाच त्याचा उपयोग. पण बसलेल्या स्प्रिंगवर खरा उपाय स्प्रिंग बदलणे हाच आहे.

बाहेरून सीएनजी बसवलेल्या गाड्यांचे मात्र थोडे वेगळे. तिथे डिकीत टाकी असते, म्हणजे मागे एक जादा माणूस रात्रंदिवस बसून राहिल्यासारखे. मागची स्प्रिंग लवकर दबते. कंपनी स्वतः सीएनजी बसवून देते तेव्हा सस्पेन्शनही त्या वजनाला जुळवून देते. त्यामुळे आपल्या मॉडेलची सीएनजीवाली मागची स्प्रिंग मिळते का, हे अशा मालकांनी आधी विचारावे, मग रबराकडे वळावे.

शॉकअप धक्का खात नाही

रबराने तोंड पोळल्यावर आम्ही एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. ते बोलत नाहीत फारसे. गाडीच्या चारी कोपऱ्यांवर हाताने जोर देऊन त्यांनी गाडी दाबली आणि सोडली. मागची डावी बाजू दोनदा डोलली. "हा गेला," ते म्हणाले. मग खाली शिरून त्यांनी बोट वर काढून दाखवले, बोटाला तेल होते. शॉकअप पाझरत होता. आणि आईची जागा नेमकी त्याच्यावर!

"हे हाताने दाबून बघायचं जुन्या गाड्यांसाठी ठीक," मिस्त्री म्हणाले, "हल्लीच्या गाडीत अर्धा मेलेला शॉकअपसुद्धा हातानं दाबलं तर पास होतो साहेब. खरं बघायचं तर तेल बघा, नाहीतर टायर बघा." शॉकअप गेला की चाक रस्त्यावर टपटप नाचते आणि टायर एकसारखा न झिजता ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखा झिजतो. हाताने चाचपले तर कळते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शॉकअप धक्का खातो असे आपण म्हणतो, नावही तसेच आहे. पण धक्का खाते ती स्प्रिंग. खड्ड्यातून चाक वर उसळले की स्प्रिंग दबते आणि मग ती दाबलेली ताकद परत द्यायला बघते. एकट्या स्प्रिंगवर गाडी असती तर एका खड्ड्यानंतर ती कितीतरी वेळ डोलत राहिली असती. ते डोलणे थांबवायचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते, दट्ट्याला बारीक छिद्रे असतात, त्यांतून तेल जबरदस्तीने जाते आणि डोलण्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते.

डोलण्याचा वेग हा सगळ्यात महत्त्वाचा. साध्या प्रवासी गाडीचे शरीर स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा वर-खाली होते. झोळीतल्या बाळाला झोके देताना आपली आजी साधारण याच्याच आसपासचा किंवा याहून सावकाश वेग धरायची, बाळ झोपायचे. याउलट, बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर सर्वात जाचक होते, असे कंपनाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात सांगितले आहे. मणका आणि पोट त्याच तालात हलू लागते. सुपात धान्य पाखडावे तसे माणूस पाखडले जाते. म्हणून गाडी जितकी कडक कराल तितके तुम्ही झोळीकडून सुपाकडे सरकता. रबर टाकून आम्ही तेच केले होते.

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने १९४८ साली टू-सीव्ही नावाची एक स्वस्त गाडी लोकांपुढे आणली. शेतकऱ्यांसाठी ती बनवताना कंपनीच्या प्रमुखांची अट होती की, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडे फुटता कामा नये. त्या गाडीचे इंजिन अगदीच लहान होते, दिसायलाही ती गमतीदार होती, पण स्प्रिंग लांब आणि मऊ होत्या. वळणावर ती एका बाजूला चांगलीच कलायची. कलली तर कलू दे, अंडी शाबूत राहिली पाहिजेत, असा तो हिशेब. आमच्या गाडीतली अंडी म्हणजे आमची आई, दुसरे काय!

गॅसचा मोह

पुतण्याचा एक मित्र गाड्यांचा शौकीन आहे. त्याने सांगितले, "काका, परदेशी गॅसचे शॉकअप टाका, लोण्यासारखी चालेल." किंमत ऐकून आम्ही गप्प झालो. साध्या जोडीच्या कितीतरी पट. तरी आईसाठी म्हणून मन तयार होऊ लागले होते.

मिस्त्रींना विचारले तेव्हा ते हसले. गॅस म्हटले की लोकांना हवेची गादी आठवते. प्रत्यक्षात शॉकअपमध्ये गॅस घालतात तो तेलाचा फेस होऊ नये म्हणून. सतत वर-खाली होऊन तेल तापते, त्यात बुडबुडे होतात आणि फेसाळलेले तेल छिद्रांतून भसकन निघून जाते. मग शॉकअप काही वेळ काम सोडतो. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये थोड्या दाबाचा गॅस भरला की हा त्रास कमी होतो. अशा शॉकअपची चाल साध्या तेलाच्या शॉकअपहून किंचितच घट्ट असते. एका नळीचा, भारी दाबाचा गॅसवाला शॉकअप हा वेगळा प्रकार. जर्मनीच्या बिल्स्टाइनने तो १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझ गाड्यांसाठी मोठ्या संख्येने बनवायला घेतला. वेगाने जाणाऱ्या, वळणावर घट्ट राहायला हव्या अशा गाड्यांना तो उत्तम. वस्तू वाईट नाही, पण आपले काम वेगळे. चाळिशीच्या वेगाने खड्डे चुकवणाऱ्या छोट्या गाडीला तो बहुधा जास्तच कडक वाटतो. गाडी बुटकी करणाऱ्या आखूड स्प्रिंगांबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या गाडीला जमिनीपासून १६५ मिलिमीटर जागा आहे. ती कमी करून या रस्त्यांवर चालवणाऱ्याला आम्ही साष्टांग नमस्कार घालू.

मोठ्या चाकांचेही तेच. पुतण्याला पंधरा इंची अलॉय हवे होते. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या व्हीएक्सआय गाडीला कंपनीचा टायर १५५/६५ आर-१४. यातला १५५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे रुंदीच्या शेकडा ६५ इतकी टायरच्या कडेची उंची. म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर. याच पिढीच्या स्वस्त एलएक्सआय गाडीला कंपनीने १४५/८० आर-१३ टायर दिला होता. त्याची कड ११६ मिलिमीटर. दोन्ही चाकांची बाहेरची उंची जवळजवळ सारखी, जेमतेम पाच मिलिमीटरचा फरक. म्हणजे कमी पैशांच्या गाडीला रस्ता आणि रिम यांच्यामध्ये पंधरा मिलिमीटर जास्त हवेची गादी मिळाली होती! जास्त पैसे मोजणाऱ्याला दिसायला मोठे चाक मिळाले आणि बुडाखालची गादी पातळ झाली. पंधरा इंचांवर गेले की ती आणखी पातळ होणार. पुतण्याने हिशेब दोनदा तपासला आणि विषय सोडला.

कायद्याचे म्हणाल तर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केले की, कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल करून गाडी चालवता येत नाही. झिजलेला भाग काढून त्याच मापाचा भाग घालणे हा असा बदल नव्हे. गाडी उचलणे, बुटकी करणे, भलतीच चाके घालणे यात मात्र अपघाताच्या वेळी विमा कंपनीशी वाद ओढवून घेण्यासारखे आहे.

मिस्त्रींनी काय केले

पहिले काम फुकटचे होते. त्यांनी चारी रबर काढून आमच्या हातात दिले आणि हवा तपासली. चाळीस होती! पंपावरचा पोरगा न विचारता भरतो आणि आपण मान हलवतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर छापलेले असते, माणसे कमी असतील तर किती, गाडी भरलेली असेल तर किती. हवा सकाळी गाडी थंड असताना तपासावी. पट्टीपेक्षा कमीही ठेवू नये. टायर तापतो, खड्ड्यात रिम वाकते. रबर निघाले, हवा पट्टीप्रमाणे झाली, त्या बुधवारी आईचा आकडा १७ वर आला. खर्च शून्य.

मग पगार झाल्यावर खरे काम काढले. पुढचे दोन आणि मागचे दोन, चारही शॉकअप. गेला होता एकच, पण शॉकअप नेहमी जोडीने बदलावा, नाहीतर एक बाजू तरुण आणि एक म्हातारी होऊन गाडी ब्रेक लावताना ओढते. आमची चारही मूळचीच होती म्हणून दोन्ही जोड्या. कुठल्या कंपनीचे घ्यावे? मिस्त्रींचे म्हणणे, गाडीच्या कंपनीचा मूळ भाग घ्या, नाहीतर गॅब्रिएल, मन्रो, केवायबी अशा नाव असलेल्या कंपनीचा साधा, मूळ मापाचा घ्या. गॅब्रिएल तर आपल्याकडे १९६१ पासून शॉकअप बनवते. नावाच्या आत शिरून फार चिकित्सा करण्यापेक्षा मॉडेल आणि साल बरोबर सांगून भाग मागवणे जास्त महत्त्वाचे. पुढचा डावा आणि उजवा वेगळा असतो, हेही आम्हाला काउंटरवर कळले. आणि पक्के बिल घ्यावे. बिल नको म्हटले तर स्वस्त देतो, असे म्हणणाऱ्याच्या खोक्यात काय आहे ते त्यालाच ठाऊक.

रस्त्याकडेला जुने शॉकअप भोक पाडून, जाड तेल भरून, वेल्डिंग मारून, रंगवून "रिकंडिशन" म्हणून मिळतात. जाड तेलाने ते हाताला घट्ट लागतात, गिऱ्हाईक खूश होते. आतला सील आणि झिजलेला दट्ट्या तोच असतो. चार महिन्यांत पुन्हा तेच तेल बोटाला.

शॉकअपइतक्याच महत्त्वाच्या गोष्टी स्वस्त होत्या आणि आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हत्या. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर रबरी माउंटिंग असते, त्याखाली बेअरिंग. बारा वर्षांत ते रबर पापडासारखे झाले होते. लोअर आर्मचे बुश फाटले होते. मिस्त्रींनी टॉमी घालून आर्म हलवला तेव्हा लोखंड लोखंडाला लागल्याचा आवाज आला. "साहेब, तुमच्या आईला जो ठक् आवाज येतो तो शॉकअपचा नाही, याचा आहे." नवा शॉकअप जुन्या माउंटिंगवर बसवणे म्हणजे नवी गादी मोडक्या खाटेवर टाकणे. बंप स्टॉपर आणि धूळ अडवणारे रबरी कव्हरही तेव्हाच बदलले, कारण मजुरी तीच पडते.

या कामात एक गोष्ट आम्ही उभे राहून पाहिली ती वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावी. गाडी जॅकवर असताना चाके लोंबकळतात, आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बुशचा बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरवल्यावर आतले रबर कायमचे पिळलेले राहते. गाडी कडक चालते आणि नवे बुश काही महिन्यांत फाटते. मिस्त्रींनी बोल्ट आधी सैल ठेवले, गाडी चाकांवर उतरवली, आत दोन माणसे बसवली, दोनचारदा दाबली आणि मगच शेवटचे आवळले. घाईच्या गॅरेजात हे होत नाही. आपण विचारावे, रागावले तरी विचारावे. दुसरे, शॉकअपचा चकचकीत दांडा पक्कडीने धरू द्यायचा नाही. त्यावर ओरखडा पडला की तो सील कापतो. आणि पुढची स्प्रिंग काढायचे काम घरी कुणी करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

शेवटी अलाइनमेंट. पुढचे शॉकअप काढले की चाकांचा कोन हलतो, ते केल्याशिवाय गाडी घरी न्यायची नाही.

भाग, मजुरी, अलाइनमेंट मिळून आमचे साडेअकरा हजार गेले. दुकानागणिक, गावागणिक यात फरक पडेल. रबराचे पैसे वेगळे, ते आम्ही "शिक्षण" या खात्यावर टाकले.

गतिरोधकांवर कुठल्याही शॉकअपचे फार चालत नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणकाप्रमाणे साधारण ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सावकाश चढणारा-उतरणारा असायला हवा. आमच्या वाटेवरचे अर्धे गतिरोधक एका पावलात ओलांडता येतात. त्यांची लेखी तक्रार आम्ही नगरपालिकेत टेप लावून घेतलेल्या मापांसह दिली आहे, पोच आमच्याकडे आहे.

काम झाल्यानंतरच्या सोमवारी आम्ही रजा टाकून सोबत गेलो. जाताना आईने ८ वेळा हँडल धरले. येताना मोजणे जमले नाही, कारण अंबरनाथ सोडल्यावर तिचा डोळा लागला. घरापाशी गाडी थांबली तेव्हा जागी होऊन म्हणाली, "आलो का रे? इतक्यात?" बंधूंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही वहीत येतानाच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

दुसऱ्या आठवड्यात लोकलमध्ये एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांची मारुती ऑल्टो आहे. "जयभीम. ऐकलं तुम्ही गाडीचं काम केलं. मलाही ते स्प्रिंगचे रबर टाकायचेत, कुठं मिळतात?" आम्ही म्हटले, "आमच्या माळ्यावर चार पडलेत. पण आधी दाराच्या खांबावरची पट्टी वाचा, आणि शनिवारी मिस्त्रींकडे माझ्यासोबत चला. मलाही जायचंय, मागच्या आर्मचे बुश राहिलेत."